टाकी फुल असताना येणारा वास: एका स्पोर्ट्स कारचं प्रकरण

तक्रार एका ओळीची होती. "भाऊ, गाडीत पेट्रोलचा वास यायलाय."

मालक जालन्याचे व्यापारी. गाडी दोन सीटची, जर्मन, २०११ सालचं मॉडेल, पुढे दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन. मुंबईहून सेकंडहँड आणलेली आणि वयाच्या मानाने कमी चाललेली. कंपनीचं नाव इथे देत नाही, कारण जे सापडलं त्यात कंपनीचा दोष नव्हता. हेच दुखणं उद्या साध्या हॅचबॅकलाही होऊ शकतं.

छत्रपती संभाजीनगरच्या आमच्या गॅरेजात येण्याआधी ही गाडी एका मोठ्या शहरातल्या गॅरेजात जाऊन आली होती. तिथे हाय प्रेशर पंप बदलला, चारही इंजेक्टरचे सील बदलले, इंजिनवरच्या दोन-तीन नळ्या बदलल्या. बिल दोन लाखांच्या पुढे गेलं. डिसेंबरात गाडी परत मिळाली तेव्हा वास अजिबात नव्हता. मार्चमध्ये पुन्हा सुरू झाला आणि एप्रिलमध्ये इतका वाढला की घरच्यांनी गाडीत बसणंच सोडलं. "बायको म्हणायली, पेट्रोलपंपावर जेवायला बसल्यासारखं वाटतंय. डोकं धरतंय तिचं."

मराठवाड्यात अशा गाड्या किती असणार, असं बाहेरच्यांना वाटतं. २०१० च्या ऑक्टोबरात आमच्या शहरातल्या, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादच्या, लोकांनी एकत्र येऊन एका दिवसात १५० मर्सिडीज घेतल्या होत्या, ६५ कोटींच्या. शहराजवळच्या शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना २००१ पासून आहे. गाडीची हौस इथे जुनी आहे आणि त्या काळात घेतलेल्या महागड्या गाड्या आता पंधरा वर्षांच्या होत आल्यात. त्यांची रबरं कडक झालीत, प्लास्टिक ठिसूळ झालंय. समृद्धी महामार्ग सुरू झाल्यापासून शेडमध्ये झाकून ठेवलेल्या गाड्याही बाहेर निघायला लागल्या. कारला तिथे ताशी १२० ची मर्यादा आहे आणि जालन्याहून दुपारच्या जेवणाला शिर्डीकडे जाऊन संध्याकाळी परत येता येतं. त्यामुळे असं काम आमच्याकडे वाढतंय, आणि वासाची तक्रार त्यात नेहमीची आहे. तरीही तिच्यावर सगळ्यात जास्त पैसा वाया जातो. लोक वास कुठून येतो ते शोधायला बसतात. तो कधी येतो, हे विचारायला कुणी थांबत नाही.

माझा अनुभव असा आहे की "कधी" नीट कळलं, तर "कुठे" हा प्रश्न अर्धा सुटलेला असतो. सकाळी थंड इंजिन चालू केल्यावर वास आला आणि गरम झाल्यावर गेला, तर संशय इंजेक्टरच्या सीलवर किंवा हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जाण्यावर. इंजिनातून आत गळत असेल तर ऑइलच्या दांडीला पेट्रोलचा वास लागतो. गरम गाडी बंद केल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी बॉनेटजवळ वास आला तर इंजिनवरची नळी किंवा पर्ज व्हॉल्व्ह, म्हणजे टाकीची वाफ इंजिनात सोडणारी झडप. टाकी फुल केल्यावर आला तर टाकीचा वरचा भाग, भरणीची नळी, वाफेच्या नळ्या. एसीचं बटण बाहेरच्या हवेवर ठेवलं की वास येतो आणि आतल्या हवेवर ठेवलं की थांबतो, तर उगम बाहेर, बहुतेक बॉनेटखाली. उलट आतली हवा फिरवली की वास वाढत असेल, तर गळती गाडीच्या आतच, बसायच्या जागेत कुठेतरी उघडतेय.

मालकांना आम्ही खुर्ची दिली, चहा दिला, आणि हेच सगळं विचारलं. पाना हातात घेतला नाही.

त्यांची उत्तरं अशी. टाकी फुल असताना वास सगळ्यात जास्त. निम्म्यावर आली की पुसट. पाव टाकीवर जवळपास नाही. उन्हात उभी गाडी उघडली की भपकारा येतो. समृद्धीवर लागलो की अर्ध्या तासात वास जातो. जेवायला थांबलो आणि परत आलो की पुन्हा हजर. आतल्या हवेवर एसी ठेवला तर जास्त.

"पंपावर टाकीचं झाकण उघडताना काही आवाज येतो का?" मी विचारलं.

"येतो की! लई जोरात. कवा गाडी श्वास आत ओढती, कवा बाहेर टाकती. पहिल्या गॅरेजवाल्याला सांगितलं होतं, त्यो म्हणला पेट्रोलच्या गाडीत असं असतंय."

पेट्रोलच्या गाडीत थोडा आवाज होतो हे खरं. पण एकाच गाडीत कधी जोरात आत आणि कधी जोरात बाहेर, हे नेहमीचं नाही. माझं लक्ष तिथे अडकलं आणि शेवटी प्रकरण तिथेच उकललं.

पहिल्या गॅरेजचं कुठे चुकलं तेही या उत्तरांतून दिसतं. "चालताना जातो, थांबल्यावर येतो" एवढंच ऐकलं तर कुणीही म्हणेल की गरम इंजिनाची उष्णता साचली आणि बॉनेटखाली काहीतरी झिरपतंय. तो तर्क चुकीचा नव्हता, अपुरा होता. त्यांनी टाकीची पातळी विचारली नाही, एसीचं बटण विचारलं नाही. आणि काम झाल्यावर वास गेला तो दुरुस्तीमुळे गेला नव्हता. डिसेंबरची थंडी होती आणि गाडी पाव टाकीवर परत दिली होती. ज्या परिस्थितीत दोष दिसतो ती परिस्थिती पुन्हा उभी केल्याशिवाय घेतलेली ट्रायल ही ट्रायलच नव्हे.

हात लावण्याआधी

ज्या गाडीला पेट्रोलचा वास आहे ती आम्ही खड्ड्यावर घेत नाही. आपल्याकडच्या बहुतेक गॅरेजांत लिफ्ट नसते, खड्डा असतो, म्हणून हे ठासून सांगतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. ती वर जात नाही, जमिनीलगत सरकते आणि खड्ड्यात जाऊन साचते. हवेत तिचं प्रमाण १.४ टक्के झालं की एक ठिणगी पुरते, आणि ७.६ टक्क्यांपर्यंत तो धोका राहतो. पेट्रोल उणे ४० अंशालाही पेटण्याइतकी वाफ सोडतं. मग मराठवाड्यातल्या मे महिन्यात, ४२-४३ अंशांत, काय होत असेल याचा विचार करा. खड्ड्यात उतरलेल्या माणसाला वर यायला एकच शिडी असते. जुना तारेचा बल्ब हातात घेऊन वाकणारी पोरं मी पाहिलीत. तो बल्ब फुटला की संपलं.

ही गाडी बाहेर पत्र्याच्या शेडखाली, चारही बाजूंनी वारा लागेल अशी उभी केली. जवळ पावडरचं अग्निशामक यंत्र ठेवलं. मोबाइल खिशातून काढून टेबलावर. बॅटरीची मायनस केबल टाकी उघडण्याच्या बरीच आधी काढली, कारण केबल काढतानाही ठिणगी पडते आणि त्या क्षणी भोवती वाफ नको.

वास मोजणं

माणसाचं नाक या कामात पाच मिनिटांत थकतं. तोच वास सतत घेतला की मेंदू त्याची दखल घेणं थांबवतो. गॅरेजवाल्याला तर पेट्रोलची सवयच असते. म्हणून आम्ही दोन गोष्टी केल्या.

पहिली: गॅरेजचा हिशेब बघणाऱ्या ताईंना ऑफिसातून बोलावलं. त्यांना काही न सांगता गाडीच्या भोवती एक चक्कर मारायला लावली आणि मग आत बसवलं. त्या म्हणाल्या, "पुढे काही नाही. ड्रायव्हरच्या पाठीमागे, खालच्या अंगाला आहे." ताजं नाक अनेकदा यंत्राच्या बरोबरीने बोलतं.

दुसरी: पीयूसीची मशीन. पेट्रोल गाडीच्या पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड टक्क्यांत आणि हायड्रोकार्बन, म्हणजे न जळलेलं पेट्रोल, पीपीएममध्ये (दहा लाखांत किती भाग) मोजतात. तीच नळी सायलेन्सरऐवजी संशयाच्या जागी धरली की पेट्रोलच्या वाफेचा माग लागतो. मशीन स्वतः ठिणगी टाकू शकते, म्हणून ती लांब ठेवायची आणि लांब नळी लावायची. ओल्या पेट्रोलात नळी बुडवायची नाही, नाहीतर मशीन कामातून जाते.

टाकी आधी फुल करून घेतली होती, पंपाचं पिस्तूल पहिल्यांदा बंद पडेपर्यंत, त्यापुढे एक थेंबही नाही. गाडी दुपारभर उन्हात उभी ठेवली आणि मग सावलीत आणली. इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या रेलजवळ, हाय प्रेशर पंपाजवळ, ज्या भागांवर दोन लाख खर्च झाले होते तिथे, आकडा जवळपास हलला नाही. भरणीच्या झाकणापाशी किंचित. सीटच्या मागे, गालिच्याच्या कडेला नळी धरली आणि आकडा धावत सुटला.

इंजिन निर्दोष आहे याची खात्री तरीही करून घेतली. ऑइलची दांडी हुंगली, वास नाही. टाकीकडून इंजिनकडे जाणाऱ्या लाइनला गेज लावला, दाब उतरला नाही. ही चाचणी पहिल्या गॅरेजानेही केली असेल आणि तीही पास झाली असेल. गळती दाबाच्या बाजूला नव्हतीच.

सीटच्या मागे

या गाडीची टाकी सीटच्या मागे आडवी बसते. मागचा गालिचा काढला की पत्र्याचं गोल झाकण दिसतं. त्याखाली टाकीचं तोंड आणि त्यात बसवलेलं पंपाचं मॉड्यूल: पंप, गेजचा तरंगणारा दांडा, वर काळ्या प्लास्टिकची चकती. चकतीला दोन नळ्या असतात. एकीतून पेट्रोल इंजिनकडे जातं, दुसरीतून वाफ कोळशाच्या डब्याकडे (त्याचं काम पुढे येतंच). चकतीभोवती ओ-रिंग, म्हणजे रबराची गोल सील, आणि वरून सगळं दाबून धरणारी लॉकिंग रिंग.

सीट काढताना एक काळजी: सीटमध्ये एअरबॅग असते. बॅटरी काढून थोडा वेळ जाऊ दिल्याशिवाय सीटखालचं कनेक्टर ओढायचं नाही.

पत्र्याचं झाकण उघडलं तेव्हा उस्तादांनी मला जवळ बोलावलं. आमचे उस्ताद वाळूजच्या कारखान्यांत मशीनवर काम करून इकडे आलेले, त्यांची नजर बारीक आहे. चकतीवर आपल्याकडची काळी, पिठासारखी धूळ सगळीकडे सारखी पसरली होती. फक्त वाफेच्या नळीच्या बुडाशी ती ओली होऊन वाळली होती, पुन्हा ओली होऊन वाळली होती, आणि तिथे चंद्रकोरीच्या आकाराचा गडद डाग तयार झाला होता. पेट्रोल उडून जातं, धूळ मागे राहते. उस्तादांनी बोट लावलं नाही, फडकं लावलं नाही, आधी फोटो घेतला. पुसून टाकलेला डाग पुन्हा मिळत नाही.

डाग म्हणजे पुरावा, पण अजून कारण नव्हे. ओ-रिंगमधून झिरपून पेट्रोल तिथे येऊन साचलं असंही होऊ शकतं. म्हणून धुराची चाचणी: टाकीत हलक्या दाबाने धूर सोडायचा आणि तो कुठून बाहेर येतो ते बघायचं.

टाकीतलं पेट्रोल आधी पाव भागाच्या खाली आणलं. हे काम सकाळी, उघड्यावर, हातपंपाने आणि धातूच्या डब्यात. डबा आणि गाडीची बॉडी तारेने जोडून घेतली, कारण वाहतं पेट्रोल स्थिर वीज तयार करतं. प्लास्टिकच्या ऑइलच्या कॅनमध्ये पेट्रोल काढणं आपल्याकडे सर्रास चालतं, ते थांबलं पाहिजे.

धूर ढकलायला कॉम्प्रेसरची हवा वापरली नाही. टाकीत वाफ असताना हवा भरणं म्हणजे आपल्या हाताने स्फोटक मिश्रण बनवणं. सिलिंडरचा नायट्रोजन लावला. दाब अर्धा पीएसआय, टायरमधल्या हवेच्या साठाव्या हिश्श्याच्या आसपास. त्याहून जास्त दिला तर चांगली जोडणीही फुटते आणि आपण नवाच दोष तयार करतो.

धूर वाफेच्या नळीच्या बुडातून निघाला. केसाएवढी चीर, नखाच्या अर्ध्या लांबीची. दाब नसताना ती दिसतही नव्हती. दाब आला की उघडायची, गेला की मिटायची.

इथे बहुतेक ठिकाणी काम संपलं असतं. चकती फुटली, मॉड्यूल बदला, बिल करा. पण धूर जिथून निघायला हवा होता तिथून तो निघालाच नव्हता.

दुसरी बाजू

टाकी ही बंद पेटी नसते. पेट्रोल गरम झालं की वाफ तयार होते. ती कोळशाच्या डब्यात, म्हणजे कॅनिस्टरमध्ये जाते आणि आतला कोळसा ती धरून ठेवतो. डब्याच्या दुसऱ्या टोकाला बाहेरच्या हवेला उघडणारी एक नळी असते. गाडी उभी असताना वाफेतला पेट्रोलचा भाग कोळशात अडकतो आणि साफ हवा त्या नळीतून बाहेर जाते. गाडी चालू असताना पर्ज व्हॉल्व्ह उघडतो, इंजिन डब्यातून साठलेली वाफ ओढून जाळतं आणि त्याच नळीतून ताजी हवा आत येते. तीच नळी टाकीला श्वास घेऊ देते आणि सोडूही देते.

आमच्या चाचणीत धूर या नळीतून भरपूर यायला हवा होता. तिथून काहीच नाही.

मागच्या चाकाच्या आतलं प्लास्टिकचं अस्तर काढलं. कॅनिस्टर सापडला, त्याची नळी सापडली. नळीच्या टोकावरची जाळीची टोपी जागेवर नव्हती, कधी पडली कुणास ठाऊक. आणि नळीचं तोंड मातीने लिंपलेलं, गुळगुळीत, कुणी बोटाने फिरवून बंद केल्यासारखं.

कुंभारीण माशी. आपल्याकडे दाराच्या चौकटीत, प्लगच्या भोकात, कुलपात तिची घरं सगळ्यांनी पाहिलेली असतात. बेशुद्ध केलेले कोळी आत ठेवते, अंडं घालते आणि ओल्या मातीने तोंड लिंपून टाकते. माती पोखरून काढली तर आत वाळलेले कोळी निघाले. मालकांना विचारलं तेव्हा कळलं की गाडी आदल्या पावसाळ्यात शेतातल्या शेडमध्ये बरेच दिवस झाकून उभी होती. कव्हरखाली अंधार, बाजूला ओली माती. तिला याहून चांगली जागा मिळाली नसती.

हे विचित्र वाटेल, पण जगात याच्याहून मोठ्या प्रमाणावर घडलंय. उत्तर अमेरिकेत २०११ साली मझ्दाने आपल्या सुमारे ६५ हजार गाड्या परत बोलावल्या होत्या. एका जातीचा कोळी याच नळीत जाळं विणत होता. नळी तुंबली की टाकीत पोकळी (बाहेरच्यापेक्षा कमी दाब) तयार होऊन टाकीला तडा जाण्याची भीती होती.

आता मालकांचं प्रत्येक वाक्य जागेवर बसलं. उन्हात उभ्या गाडीत वाफेला बाहेर जायला वाट नाही, म्हणून दाब वाढतो, झाकण उघडलं की फुस्स करून बाहेर. समृद्धीवर १२० ने जाताना इंजिन वाफ ओढतं, बदल्यात हवा आत येत नाही, टाकीत पोकळी तयार होते. मग झाकण उघडलं की आत ओढल्याचा आवाज. चकती दररोज दुपारी फुगायची आणि चालताना आत दबायची. पंधरा वर्षांचं प्लास्टिक हे किती दिवस सोसणार? ते तिच्या सगळ्यात कमजोर जागी, नळीच्या बुडाशी फाटलं. चालताना टाकी उलट आत ओढत असल्यामुळे चिरेतून वाफ बाहेर येत नव्हती, म्हणून वास जायचा. जेवायला थांबलं की दाब पुन्हा वर आणि वास हजर. टाकी फुल असली की पेट्रोल थेट चिरेपर्यंत पोचायचं. पाव टाकीला ते खूप खाली, वर फक्त थोडी वाफ.

म्हणजे नुसतं मॉड्यूल बदललं असतं तर नवी चकती काही काळ टिकली असती आणि पुढे कधीतरी तिलाही तडा गेला असता.

डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा का लागला नाही, हे मालकांनी विचारलं. रास्त प्रश्न. अमेरिकेतल्या गाड्यांना टाकीची गळती स्वतः तपासून चालकाला कळवण्याची सक्ती आहे. आपल्याकडे आलेल्या या गाडीत ती तपासणारी यंत्रणाच नाही. स्कॅनर लावून "एकही एरर नाही" म्हणणं इथे काहीच सिद्ध करत नाही.

दुरुस्ती

मालकांच्या चुलतभावाने एम-सील लावायचा सल्ला दिला. चुलतभाऊ काटकसरी आहेत आणि शेतीच्या पंपावर ते चालतंही. पण ही चकती ज्या प्लास्टिकची असते त्या पॉलिअॅसिटलला पेट्रोल काही करत नाही, आणि त्याच गुणामुळे त्याला गोंदही धरत नाही. आठवडाभर टिकेल, मग सीटच्या मागे पेट्रोल. त्या जागेवर जुगाड करायला मी कुणालाही देणार नाही, गाडी कुणाचीही असो.

नवं मॉड्यूल मागवलं. ते यायला वेळ लागला, तोवर टाकीचं तोंड झाकून गाडी तिथेच उभी. लॉकिंग रिंग सोडवायला तिचाच पाना वापरला. हातोडी आणि स्क्रू-ड्रायव्हरने ठोकून ती फिरवण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे. उघड्या टाकीच्या तोंडावर लोखंडावर लोखंड आपटणं मला मान्य नाही. पाना नसेल तर पितळेचा तुकडा तरी वापरावा.

ओ-रिंग नवीनच घातली, फ्लोरो रबरची. जुनी बाहेर काढल्यावर इतकी फुगली होती की परत खाचेत बसेना. इथेनॉलवर सगळं ढकलायचा मोह या टप्प्यावर होतो. २०२३ च्या फेब्रुवारीत देशात ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आलं, आता बहुतेक पंपांवर तेच मिळतं, आणि लातूर, धाराशिव, बीड, जालन्याच्या उसातूनही ते इथेनॉल निघतं. जुन्या गाडीची साधी नायट्राइल रबरं इथेनॉलने जास्त फुगतात आणि नंतर कडक होतात, म्हणून या वयाच्या गाडीत रबर बदलताना फ्लोरो रबरच घ्यावं असं माझं ठाम मत आहे. पण पेट्रोलात मुरलेली कुठलीही ओ-रिंग बाहेर काढली की थोडीफार फुगलेलीच निघते. या गाडीत गळती ओ-रिंगमधून नव्हती. चीर इथेनॉलने पाडली असं म्हणायला आमच्याकडे काही आधार नव्हता, म्हणून तसं म्हटलं नाही.

कॅनिस्टरचा प्रश्न वेगळा होता. हातात घेतला तर जड लागला. हलवल्यावर आत ओलसर आवाज. कोळसा वाफ धरण्यासाठी असतो, पातळ पेट्रोल त्याला बाद करतं. ते आत कसं गेलं याचं उत्तर पंपावर मिळालं. पिस्तूल आपोआप बंद पडलं की मुलगा विचारतो, "साहेब, चार हजार पुरे करू?" आणि आपण मान हलवतो. टाकीत वाफेसाठी मोकळी ठेवलेली जागा त्या शेवटच्या लिटर-दीड लिटरने भरते आणि पेट्रोल वाफेच्या नळीतून डब्याकडे जातं. मालकांची ही सवय जुनी होती. डबा बदलला, त्याच्या कडक झालेल्या नळ्याही बदलल्या.

पर्ज व्हॉल्व्ह तपासला. वीज नसताना फुंकर मारली तर हवा पलीकडे जायला नको, गेली नाही. वीज दिली की टिक आवाज करून उघडतो, उघडला. तो चांगला होता, म्हणून बदलला नाही.

बाहेरच्या नळीच्या टोकाला कंपनीची जाळीची टोपी बसवली. उस्तादांचं म्हणणं होतं की बारीक स्टीलची जाळी दुहेरी लावू. मी नको म्हणालो. आपल्या धुळीत बारीक जाळी वर्षभरात बंद होते, आणि मग माशीशिवायच तोच आजार.

खात्री

सगळं जोडल्यावर पुन्हा धुराची चाचणी. या वेळी धूर बाहेरच्या नळीतून मोकळा आला. ती नळी बोटाने बंद करून धरली, चकतीवर काही नाही, दाब स्थिर. मग टाकी फुल, पिस्तूल बंद पडेपर्यंतच. दुपारभर उन्हात. संध्याकाळी पीयूसीची नळी पुन्हा त्याच जागी, गालिच्याच्या कडेला. समृद्धीवर जाऊन आलो, एसी आतल्या हवेवर ठेवून. परत येऊन झाकण उघडलं तर हलकासा उसासा, बस.

तरीही आत वास होताच. पुसट, पण होता. पीयूसीच्या नळीवर चकतीपाशी शून्याच्या जवळ आणि गालिच्यावर त्याहून बराच जास्त. गालिच्याखालच्या जाड नमद्यात महिनोन्महिने पेट्रोल मुरलं होतं. हे मालकांना आधीच समजावून सांगणं फार गरजेचं असतं. नाहीतर गाडी नेल्यावर दुसऱ्या दिवशी फोन येतो की काम झालंच नाही, आणि मग चांगल्या दुरुस्तीवरचा विश्वास जातो. गालिचा काढून धुतला, सावलीत वारा दिला. नमदा तुकड्यापुरता नवा घातला. अत्तर, सुगंधी फवारा असलं काही मारू दिलं नाही. पुढे कधी खरी गळती झाली तर पहिली खबर वासच देणार, त्याच्यावर पांघरूण घालून कसं चालेल?

बिल पहिल्या गॅरेजच्या निम्म्याहूनही कमी झालं. त्यातला मोठा भाग मॉड्यूल आणि कॅनिस्टरचा. शोधण्याची मजुरी वेगळी लावली आणि ती का लावली हे बिलावर लिहिलं. मालकांना जुने भाग परत दिले: तडा गेलेली चकती, जड डबा, आणि एका छोट्या पिशवीत मातीचं बूच कोळ्यांसकट.

गाडी नेताना दोन गोष्टी ठरल्या. पंपावर पिस्तूल बंद पडलं की थांबायचं, रक्कम पूर्ण करायची नाही. आणि दर पावसाळ्यानंतर, गाडी चालली असो वा नसो, मागच्या चाकाचं अस्तर काढून ती नळी बघायची. दिवाळीच्या आधी गाडी त्यासाठी आली. टोपी जागेवर होती, नळी मोकळी होती. अस्तराच्या आतल्या कोपऱ्यात मात्र मातीचं एक नवं घर निघालं. ते काढलं आणि गाडी दिली.